लाईट आल्यावर काय?

पाणी तापवायच्या हीटरला स्मार्ट टायमर लावायचा म्हटलं की आपण पुणे-मुंबईकर आधी विचारतो, ॲप कोणतं? बीड जिल्ह्यात कुणाला सांगून बघा. तो विचारेल, "ते ठीक हाय, पण लाईट जाऊन परत आली तर?" माझ्या मते सगळी मेख इथंच आहे, आणि या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

आधी परळी. परळी वैजनाथला 1971 मध्ये 30 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. 1980 च्या दशकात 210 मेगावॅटचे संच आले, 2007 पासून 250 चे. औष्णिक केंद्र म्हणजे काय हो, एक अवाढव्य बंबच! कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. मग तीच वीज तारांतून आणून बादलीतल्या रॉडने पुन्हा पाणीच तापवायचं. या प्रवासात कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता वाटेतच जाते. पळाट्या-तुराट्यांवर पेटणारा घरचा बंब या हिशोबात अगदीच वाईट नव्हता. (धुराचा हिशोब आईला विचारा.)

परळीच्या बंबाला पाणी लागतं गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचं. फेब्रुवारी 2013 मध्ये दुष्काळाने ते संपलं आणि अख्खं केंद्र बंद पडलं. 2015 मध्ये पुन्हा तेच. असो.

वीज बनते म्हणून ती जिल्ह्यात राहते असं काही नाही, ती ग्रिडमध्ये जाते. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. वीजहानी किती आणि बिलवसुली किती यावरून फीडरचे ए, बी, सी असे गट पाडले होते. गट जेवढा खालचा, तेवढा अंधार जास्त. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत अंघोळीची, दळणाची, मोबाइल चार्जिंगची वेळ ठरवणारा टायमर म्हणजे भारनियमनाचं वेळापत्रक. ब्रिटनमध्ये 1978 पासून 'इकॉनॉमी 7' नावाखाली रात्रीचे सात तास स्वस्त वीज मिळायला लागली, आणि लोक घड्याळ लावून टाकीतलं पाणी तापवून ठेवायचे. तिकडे टायमर ग्राहकाच्या सोयीचा. आपल्याकडे टायमर सबस्टेशनात, आणि आपण त्याच्या सोयीने उठायचं.

शेतीची गोष्ट आणखी अवघड. थ्री फेज वीज आलटून पालटून, दिवसा आठ तास किंवा रात्री दहा. म्हणजे रात्री दोनला थंडीत, साप-विंचवाच्या अंधारात विहिरीवर जाऊन मोटार चालू करायची. यावर उपाय निघाला तो 'ऑटो स्विच'. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, शेतकरी घरी झोपलेला. आजच्या भाषेत हेच ऑटोमेशन, फक्त वायफाय नाही!

आता गणित बघा. 63 केव्हीएच्या डीपीतून साधारण 88 अँपिअर घेता येतात. 5 एचपीची मोटार चालताना साडेसात घेते, म्हणजे दहा मोटारींचे 75. बसतात. पण सुरू होताना प्रत्येक मोटार पाच-सहा पट करंट ओढते. दहाही एकाच क्षणी उठल्या तर मागणी 400 च्या वर! व्होल्टेज कोसळतं, मोटारी वेग पकडत नाहीत, करंट उतरत नाही, आणि डीपी जळते. मग नवीन येईपर्यंत पीक वाळतं. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा असं सांगत असते. शेतकऱ्याला यात दोष देणं मला पटत नाही. एकट्याच्या दृष्टीने त्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, गडबड सगळ्यांनी एकदम तोच घेतल्यामुळे झाली.

गंमत अशी की मूळ स्टार्टरमध्ये याचं उत्तर आधीपासून होतं. त्यात 'नो व्होल्ट कॉइल' असते. लाईट गेली की ती सुटते, आणि परत आली तरी कुणी हिरवं बटन दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. ऑटो स्विच नेमकं तेच बटन दाबतो.

तर रॉड आणि टायमर. 20 लिटर पाणी 20 वरून 45 अंशांवर न्यायला 1500 वॅटच्या रॉडला 23-24 मिनिटं पुरतात. पण बादली पाणी गरम धरून ठेवत नाही, त्यामुळे रात्री स्वस्तात तापवून सकाळी वापरायचा प्रश्नच नाही. शिवाय पाणी काढून घेतल्यावर लाईट आली आणि रॉड कोरडाच पेटला तर? किंवा कुणाचा हात पाण्यात असेल तर? रॉडला टायमर नकोच. टाकीवाल्या, थर्मोस्टॅट असलेल्या गिझरला लावा. 16 अँपिअरचं सॉकेट, नीट अर्थिंग, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा कॉन्टॅक्टर. जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील आणि एकच तार तुटली, तर गिझर बंद दिसूनही आत फेज जिवंत राहतो. साधा मेकॅनिकल टायमर घेतलात तर लाईट जाईल तितके तास तो मागे पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारं घड्याळ हवं.

आणि सेटिंगमध्ये 'वीज परत आल्यावर' असा एक पर्याय बऱ्याच स्मार्ट प्लगमध्ये असतो: चालू, बंद, किंवा आधी होतं तसं. तिथे 'बंद' निवडा. केंद्राच्या जून 2023 च्या नियमांत उन्हाच्या तासांत वीज किमान 20 टक्के स्वस्त ठेवायची तरतूद आहे. म्हणजे उद्या गल्लीतले सगळे गिझर एकाच ठोक्याला सुरू व्हायची सोय होतेय. आपला टायमर ठोक्यावर न ठेवता दहा-बारा मिनिटं पुढे ठेवा. डीपी एकच आहे.