व्हिया फेराटा : कड्यावरची लोखंडी वाट आणि दोन शत्रूंची नावे

१/ ईशान्य इटलीतील डोलोमाइट पर्वतात उभ्या कड्यांवर पोलादी दोर ताणलेले दिसतात. खडकात लोखंडी पायऱ्या आणि शिड्या रोवलेल्या असतात. या वाटांना इटालियन भाषेत 'व्हिया फेराटा', म्हणजेच लोखंडी वाट, म्हणतात. त्या पहिल्या महायुद्धात जन्मल्या असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे.

२/ पायंडा बराच जुना. १८४३ मध्ये भूगोलाचे अभ्यासक फ्रीड्रिख सिमोनी यांनी ऑस्ट्रियातील डाखस्टाइन शिखराच्या वाटेवर लोखंडी खुंट्या व दोर बसवून घेतले. १९०३ मध्ये मार्मोलाडाच्या पश्चिम धारेवर, तर १९१२ मध्ये सेला पर्वतावर अशा वाटा सिद्ध झाल्या. हेतू निर्मळ होता : हौशी प्रवाशालाही शिखर गाठता यावे.

३/ २३ मे १९१५ रोजी इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले. दक्षिण टिरोल तेव्हा ऑस्ट्रियाकडे होता. त्यामुळे रणरेषा थेट डोलोमाइटच्या शिखरांवरून गेली.

४/ शिखर ज्याच्या हाती, खालची खिंड त्याच्या माऱ्यात. म्हणून दोन्ही सैन्यांनी सुळक्यांवर चौक्या बसवल्या. पण चौकीला रोज अन्न, सरपण, दारूगोळा हवा. आणि तो पाठीवर घेऊन, बहुधा रात्रीच्या अंधारात, चढवायचा. यासाठी कड्याकड्यांवर दोर, लाकडी शिड्या आणि खुंट्यांचे जाळे विणले गेले.

५/ या युद्धात पर्वतातील वाटाडेही ओढले गेले. सेक्स्टेन गावचे सेप इनरकोफ्लर हे त्यांतले नामवंत. ट्रे चिमे सुळक्यांसमोरचे गिर्यारोहकांचे विश्रामगृह ते चालवीत. युद्धाच्या पहिल्याच दिवसांत ते तोफांच्या माऱ्यात जळाले.

६/ शेजारचे पाटेर्नो शिखर इटलीच्या 'आल्पिनी' या पर्वतीय सैनिकांनी घेतले होते. ४ जुलै १९१५ च्या पहाटे इनरकोफ्लर मोजक्या साथीदारांसह ते परत घेण्यासाठी चढले. वाट त्यांच्या पायाखालची होती. माथ्यापाशी पोहोचताच ते कोसळले. त्यांचे वय ४९ होते.

७/ वरून फेकलेल्या दगडाने ते पडले, असे एक मत. त्यांच्याच बाजूच्या मशीनगनची गोळी लागली, असे दुसरे. वाद मिटलेला नाही. पुढचे मात्र निर्विवाद आहे : इटालियन सैनिकांनी शत्रूचा देह कड्यातून वर आणला आणि माथ्यावर सन्मानाने पुरला. १९१८ मध्ये तो सेक्स्टेनला नेण्यात आला.

८/ गोळ्यांइतकाच घातक होता बर्फ. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडावर हिमकडा कोसळून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या तळावरील सुमारे २७० जण गाडले गेले. त्या हिवाळ्यात हिमस्खलनांनी दोन्ही बाजूंचे हजारो सैनिक गिळले.

९/ ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तोच्या रणांगणावर इटलीची फळी फुटली. वेढले जाण्याच्या भीतीने इटालियन सैन्याने डोलोमाइट सोडले. ज्या माथ्यांसाठी अडीच वर्षे रक्त सांडले, ते एका माघारीत निरर्थक ठरले. मागे उरल्या कुजत्या शिड्या आणि गंजत्या खुंट्या.

१०/ १९३० च्या दशकात ब्रेंटा पर्वतात गिर्यारोहक मंडळाने नव्या लोखंडी वाटा बांधायला घेतल्या. पुढे युद्धकाळातील अनेक वाटाही पोलादी दोर लावून पुन्हा उभारल्या गेल्या. आज चढणारा कंबरेच्या पट्ट्याला दोन दोऱ्या बांधतो. खुंटी ओलांडताना एक कडी काढली तरी दुसरी पोलादी दोरात अडकलेलीच असते. सैनिकांपाशी ही सोय नव्हती.

११/ पाटेर्नोवरील वाटेचे नाव आहे 'दे लुका–इनरकोफ्लर'. इनरकोफ्लर म्हणजे त्या पहाटे पडलेला वाटाड्या. दे लुका म्हणजे, परंपरा सांगते त्यानुसार, तो दगड फेकणारा आल्पिनी. हौसेने सुरू झालेली लोखंडी वाट युद्धातून जाऊन पुन्हा हौसेकडे आली. पण येताना ही दोन नावे एकत्र घेऊन आली.

#इतिहास #पहिलेमहायुद्ध #गिर्यारोहण