जमला तो नमदा

नागपुरात 'ऊन' हा शब्द जपून वापरावा लागतो. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि रस्त्यावर दोन्ही, त्यामुळे 'ऊन' म्हटल्यावर खिशात कांदा ठेवायचा की स्वेटर विणायला घ्यायचा, हे महिना पाहून ठरवायचं. मराठी ऊन 'उष्ण'चं लेकरू: उष्ण, प्राकृतातलं उण्ह, मग ऊन. हिंदी ऊन 'ऊर्णा'चं: ऊर्णा, उण्णा, ऊन. एक सूर्याकडून आलं, एक मेंढीकडून. झिजत झिजत दोघं एकाच रूपावर येऊन थांबली. मराठीने ही अडचण आधीच ओळखली होती की काय कोण जाणे, पण मेंढीच्या केसांसाठी तिने लोकर हा शब्द धरला. जुन्या छापील मराठीत तो 'लोंकर' असा अनुस्वारासह दिसतो आणि त्याचं नातं 'लोम'शी लावतात. पीचवर असते ती बारीक लव, तीही त्याच लोमाची. ऊर्णा मराठीत उरली ती फक्त पंडितांच्या कोळ्यात: ऊर्णनाभ, म्हणजे नाभीतून लोकर काढणारा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या कळमन्याच्या घरात सध्या वेट फेल्टिंग चालू आहे, म्हणजे लोकर न विणता, साबणपाण्यात घासून-लाटून तिचं कापड करणं. सुनेने मोबाइलवर पाहून पाहून हा छंद लावून घेतला आहे. कळमन्याच्या मार्केट यार्डात मिरची, संत्री, धान्य, कांदे-बटाटे सगळं उतरतं, लोकर तेवढी मिळत नाही. ती कुरिअरने येते, पिंजलेली, रंगवलेली, शेवयांच्या लडीसारखी. बाकी सामान मात्र इथलंच. बुरडाकडची बांबूची चटई, अंगाच्या साबणाचा किस, कोमट पाणी आणि कांद्याचं जाळीचं पोतं. व्हिडिओतले लोक यासाठी पडद्याची जाळी विकत घेतात. आमच्याकडे पोतं फुकट. शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "काहून वो, स्वेटर उसवून धुऊन राहिली का?"

पाहण्यासारखं काम आहे. लोकरीच्या झुळझुळीत पट्ट्या आधी आडव्या मांडायच्या, त्यांवर उभ्या, पुन्हा आडव्या. हातभर उंच ढीग होतो की काय असं वाटतं, पण साबणाचं पाणी शिंपडून वर जाळी ठेवली आणि तळवा दाबला की ढीग चपाती होऊन बसतो. मग जाळीवरून हलक्या हाताने गोल गोल घासत राहायचं. घाई केली तर तंतू जाळीतून वर येतात. थोड्या वेळाने चिमटीत वरचे तंतू धरून उचलायचे: नुसते तंतूच हातात आले तर अजून व्हायचंय, सगळं कापड उचललं गेलं तर झालं. त्यानंतर चटईत गुंडाळून लाटायचं, दिशा बदलत बदलत. मूळ मांडणीच्या मानाने तुकडा चांगलाच आकसतो. रुमाल करायला घ्यावा आणि बशी व्हावी, इतका.

यात जादू नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि साबण यांनी ते उघडतात, घासल्याने तंतू एकमेकांत सरकतात आणि खवले अडकले की मागे फिरत नाहीत. गरम पाण्यात धुतलेला लोकरी स्वेटर आटतो तो यामुळेच, आणि तो कितीही ताणला तरी पूर्ववत होत नाही. दुकानात क्राफ्टसाठी रंगीत फेल्टचे जे ताव मिळतात ते बहुतेक कृत्रिम धाग्याचे, सुयांनी टोचून दाबलेले. त्यांचा या साबणपाण्याशी संबंध नाही. केसांत जट होते, तीही केस न विंचरल्याने, ओल आणि घर्षणाने. जट म्हणजे संस्कृतातली जटा. डोक्यावर तिला देवी मानणाऱ्यांना हे समजावणं सोपं नाही, पण टेबलावर मुद्दाम जट करून तिची बशी बनवणाऱ्या माणसाला ते लगेच पटेल.

आता शब्दांकडे. या कामाची एकेक पायरी घ्या, मराठीत तिला क्रियापद आहे आणि बहुतेक क्रियापदांमागे एखादा वाक्प्रचार उभा आहे. पहिली पायरी पिंजणे. आपण कापूस पिंजतो, लोकर पिंजतो आणि हरवलेल्या माणसासाठी सगळा गाव पिंजून काढतो. पिंजणारा तो पिंजारी. अरबीत त्याला नद्दाफ म्हणतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातलं नदाफ हे आडनाव तिथून आलं. नागपूरकडे गाद्या भरणारी मंडळी स्वतःला मन्सूरी म्हणवतात. हे नाव बगदादला 922 साली ज्याला देहान्त शिक्षा झाली त्या सूफी मन्सूर अल-हल्लाजशी जोडलेलं आहे, आणि 'हल्लाज' या अरबी शब्दाचा अर्थही पिंजारीच. धनुकलीची तार छेडून गादीचा कापूस मोकळा करणारा माणूस गल्लीत यायचा, तेव्हा त्याच्या जातनावात एवढा मोठा संत दडलेला आहे हे आम्हा पोरांच्या गावीही नसायचं.

दुसरी पायरी भिजवणे. इथे 'भिजत घोंगडे' आलंच. ओलं घोंगडं हलत नाही, पिळता येत नाही, वाळत नाही. म्हणून तुंबलेल्या कामाला, न सुटलेल्या वादाला हे नाव. पण घोंगडी आणि आपला हा साबणातला तुकडा एक नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवं. घोंगडी विणतात. धनगराने कातरलेल्या लोकरीचं सूत काढायचं, सणगराने मागावर विणायचं आणि मग चिंचोक्याची खळ द्यायची. कोकराची पहिली कातरलेली लोकर मऊ, तिला जावळ म्हणतात. बाळाच्या पहिल्या केसांना जो शब्द, तोच. न विणता, नुसती दाबून-लाटून केलेली ती वेगळी. दख्खनच्या पठारावर पिंजारी तसलं जाड अंथरूण करत आणि त्याला 'जेन' म्हणत.

शेवटची पायरी जमणे, आणि या क्रियापदावर माझा जीव आहे. कोश त्याला अरबी 'जमा'शी जोडतात. दही जमतं, माणसं जमतात, बेत जमतो, आणि एखादी गोष्ट करता आली तरी आपण 'जमलं' म्हणतो. हिंदीत नमदा, म्हणजे असं न विणलेलं लोकरी कापड, बनवण्याला 'नमदा जमाना' असंच म्हणतात. म्हणजे सूनबाई चिमटीने तुकडा उचलून "जमलं!" म्हणते तेव्हा लोकर जमलेली असते आणि तिलाही जमलेलं असतं. दोन्ही अर्थ एका शब्दात इतके नेमके बसलेले क्वचितच सापडतात.

नमदा हा शब्द आपल्याला फारसीतून मिळाला, असं सगळेच सांगतात; तिथे तो 'नमद' आहे. काश्मीरचे नमदे आणि राजस्थानातल्या टोंकचे नमदे प्रसिद्ध आहेत. पण संस्कृत कोशांतही 'नमत' आहे, अर्थ लोकरीचं जाड कापड, आणि पालीत 'नमतक'. विनयपिटकात भिक्षूंना छोटं पातं जवळ बाळगायची परवानगी आहे, त्यासोबत ते ठेवायला नमतकही. 1956च्या धम्मदीक्षेनंतर ज्या शहरात पाली नव्याने शिकली जाऊ लागली, त्या शहरात तरी हा शब्द परका वाटू नये. बुद्धाच्याच काळातला नास्तिक विचारवंत अजित केशकंबली याचं नावच त्याच्या केसांच्या कांबळ्यावरून पडलं. त्या कंबलाचं आपण कांबळं केलं आणि कांबळे हे आडनावही.

दुसरा शब्द बुरणूस. तो जुन्या कोशांत निवांत झोपला आहे. अरबांचा 'बुर्नुस' म्हणजे टोपडं असलेला झगा. स्पॅनिशमध्ये त्याचा 'अल्बोर्नोस' झाला आणि आज तिकडे आंघोळीनंतर घालायच्या झग्याला तसं म्हणतात. मराठीत तो अंगावरून उतरून जमिनीवर आला आणि बैठकीला अंथरायचं जाड लोकरी वस्त्र झाला. बैठका गेल्या, सोफे आले, बुरणूस गेला. खोगिराचं तसंच. फारसीत 'खोय' म्हणजे घाम, 'गीर' म्हणजे धरणारा. घोड्याच्या पाठीचा घाम टिपणारी गादी ती खोगीर. आपल्याकडे राहिली फक्त खोगीरभरती, आणि ती कशी करायची हे शिकवायला कुठल्या वर्गाला जावं लागत नाही.

इंग्रजी 'फेल्ट'ची गोष्टही वाईट नाही. तो जर्मानिक शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेला तेव्हा 'फिल्ट्रम' झाला, कारण द्रव गाळायला फेल्ट वापरत, आणि त्यातून 'फिल्टर' निघाला. ओट्यावरचं पाणी शुद्ध करायचं यंत्र हा नमद्याचा चुलतभाऊ. नागपूरकरांना आणखी एक जवळचं 'वूल' आहे, कूलरच्या ताट्यांत भरायचं वूडवूल; एप्रिल लागला की त्याची चौकशी सुरू होते. त्यात लोकरीचा एक केसही नसतो, नुसत्या लाकडाच्या बारीक फिती.

'छंद' या शब्दावर मात्र थोडी हरकत आहे. संस्कृतात छंद म्हणजे आवड, इच्छा. वृत्तालाही छंद म्हणतात. शब्द सुंदर, पण मराठीत तो रिकाम्या वेळेला बांधला गेला. जेन जमवणाऱ्या पिंजाऱ्याच्या कामाला कोणी छंद म्हटलं नाही, ते कसब. आणि कसबचा अरबी अर्थच मुळी कमाई. तेच हात, तीच लोकर; एका घरात तिने चूल पेटायची, दुसऱ्या घरात चहाच्या कपाखाली ठेवायची गोल चकती होते. आज दख्खनी मेंढीच्या राठ काळ्या लोकरीला भाव नाही, अनेक ठिकाणी ती कातरून टाकून देतात, आणि आपण दूरदेशीची मेरिनो मागवून 'वेट फेल्टिंग' शिकतो. सुनेला मी हे बोललो तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आणून द्या नं ती लोकर, मी करून पाहते." उत्तर बिनतोड होतं.

माझं म्हणणं एवढंच. शीट, रोव्हिंग, फेल्ट असे शब्द वापरायला ना नाही, पण बनलेल्या वस्तूला नमदा म्हणायला काय हरकत आहे? नागपुरात तो हिंदीवाल्यांना कळेल, पालीवाल्यांना ओळखीचा वाटेल आणि उच्चारायला फेल्टपेक्षा कठीण नाही. जाड, अंथरायच्या तुकड्याला बुरणूस ठेवावा. विदर्भात मेंढरं बसवायला फिरणारे धनगर, चांद्याकडचे कुरमार, कच्छहून आलेले रबारी यांच्याकडे कातरणीच्या, पिंजणीच्या, जमवणीच्या कामाचे आणखी शब्द नक्की असतील. तुमच्या गावाजवळ त्यांचा तळ पडला तर लोकरीचा भाव विचारा, मूठभर जावळ विकत घ्या आणि न विणलेल्या लोकरी अंथरुणाला ते काय म्हणतात तेही विचारून आम्हाला कळवा.