आमची पद्मिनी आणि मुलाची प्लॅड
इथे अमेरिकेत माझा मुलगा २०२१ साली आलेल्या टेस्ला मॉडेल एस प्लॅडचे गोडवे गातो: १०२० अश्वशक्ती! आमची कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी जेमतेम ४० अश्वशक्तीची, इंजिन १०८९ सीसी. पण गिअर स्टिअरिंगला आणि पुढची सीट सलग, म्हणून सातजण सहज मावायचे. (मांडीवरची पोरे वेगळीच!)

तरी तिचे आपण जरा जास्तच लाड करतो. १९६४ च्या फियाट ११०० डिलाइटचे १९७४ साली पद्मिनी म्हणून बारसे झाले, एवढेच. परवाना-राज्यात आयात जवळपास बंद, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेले. मग सुधारणा करायची कुणासाठी? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि रांग तिकडे वळली. टॅक्सी म्हणून मात्र पद्मिनी मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली.