जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील ज्येष्ठांची दीर्घकालीन देखभाल

वार्धक्य, आजार किंवा अपंगत्वामुळे आंघोळ, जेवण, चालणे ही नित्याची कामे स्वतः करू न शकणाऱ्या व्यक्तीस प्रदीर्घ काळ दिले जाणारे साहाय्य म्हणजे दीर्घकालीन देखभाल होय. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ही देखभाल मुख्यतः घरीच होते. तिचा भार बहुधा पत्नी, सुना व मुलींवर असतो.

पार्श्वभूमी

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगराळ आदिवासी पट्ट्यात येतो. तरुण मंडळी रोजगारासाठी मुंबई-पुण्याकडे गेल्यावर अनेक घरांत वृद्धच मागे राहतात. मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. मात्र दूरच्या वाड्या-वस्त्यांवरून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास तेथवर नेणे अवघड असते.

कायदेशीर तरतुदी

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ नुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणारे ६० वर्षांवरील नागरिक उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागू शकतात. अधिनियमातील कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेली जमीन वा घर, ती अट मोडल्यास कलम २३ अन्वये परत मिळवता येते. शेतजमीन हीच मुख्य मालमत्ता असलेल्या या भागात ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते. अट बक्षीसपत्रात स्पष्ट नमूद असणे हिताचे असते. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

मर्यादा

न्यायाधिकरणाच्या आदेशाने पैसा मिळू शकतो. प्रत्यक्ष शुश्रूषा करणारे माणूस त्यातून उपलब्ध होतेच असे नाही.