चांगल्या रात्रीचे फूल

डिसेंबरात लालभडक पॉइन्सेटियाची कुंडी हौसेने घरी आणावी आणि पुढच्या डिसेंबरात तिने नुसती हिरवी पाने दाखवावीत, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. मलाही आला. खत घालून झाले, माती बदलून झाली, ज्याच्याकडून कुंडी आणली त्याला दोष देऊन झाला. कुंडी रुसली ती रुसलीच. मग मी या झाडाचा इतिहास वाचू लागलो आणि दोष कुणाचा ते कळले.

हे झाड मूळचे मेक्सिकोचे. स्पॅनिश लोक तिथे पोचण्याआधी अझ्टेक लोक त्याला 'क्वेत्लाशोचित्ल' म्हणत. त्याच्या लाल पानांपासून ते रंग काढत, चिकाचा औषधात उपयोग करत. 'पाने' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण त्या लाल पाकळ्या नव्हेतच. मधोमध पिवळ्या बारीक गुंड्या दिसतात, ती खरी फुले. टास्को या डोंगराळ गावाच्या परिसरात हे झाड रानात वाढते. सतराव्या शतकात तिथले फ्रान्सिस्कन धर्मगुरू नाताळच्या सजावटीत ते वापरू लागले, असे सांगतात. स्पॅनिशमध्ये त्याला नाव मिळाले 'फ्लोर दे नोचेबुएना'. नोचेबुएना म्हणजे नाताळची पूर्वरात्र. शब्दशः अर्थ, चांगली रात्र.

मग त्याला 'पॉइन्सेटिया' हे नाव कुठून आले? जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट हा अमेरिकेचा मुत्सद्दी १८२५ मध्ये मेक्सिकोत राजनैतिक प्रतिनिधी म्हणून गेला. त्याला वनस्पतींचा छंद होता. त्याने हे झाड मायदेशी पाठवले आणि १८२९ मध्ये फिलाडेल्फियाच्या पुष्पप्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. १८३४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला 'युफोर्बिया पल्चेरिमा' हे नाव दिले. पल्चेरिमा म्हणजे सर्वांत सुंदर. पण १८३६ मध्ये एडिंबराच्या रॉबर्ट ग्रॅहम यांनी त्याला पॉइन्सेटचे नाव जोडले आणि लोकांच्या तोंडी तेच बसले.

या गृहस्थाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मेक्सिकोच्या राजकारणात त्याने इतकी ढवळाढवळ केली, की तिथल्या सरकारने १८२९ मध्ये त्याला परत बोलावण्याची मागणी केली. पुढे १८३७ ते १८४१ या काळात तो अमेरिकेचा युद्धमंत्री होता. १८३८ मध्ये चेरोकी आदिवासींना त्यांच्या जमिनीवरून लष्कराच्या बळावर हुसकावून पश्चिमेकडे नेले गेले. त्या वाटचालीत आणि छावण्यांत हजारो माणसे मेली. ते लष्कर याच मंत्र्याच्या खात्याचे. मी कवी, शब्दांत वावरणारा माणूस. ज्यांनी शतकानुशतके हे फूल ओळखले त्यांचे नाव मागे पडले आणि चार वर्षे राहून गेलेल्याचे जगभर झाले, हे मला बोचते. म्हणून मनातल्या मनात मी त्याला 'चांगल्या रात्रीचे फूल' म्हणतो.

आणि हे नावच खरे आहे, असे विज्ञान सांगते. अमेरिकेच्या शेतीखात्यातले गार्नर आणि अलार्ड हे दोघे शास्त्रज्ञ तंबाखूच्या एका वाणाने चक्रावले होते. उन्हाळ्यात शेतात तो माणसापेक्षा उंच वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र फुलून येई. त्यांनी उन्हाळ्यातच झाडे रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवून पाहिली. झाडे फुलली. झाडे दिवसाची लांबी ओळखतात, हा निष्कर्ष त्यांनी १९२० मध्ये मांडला. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी एका रानतणावर प्रयोग करून त्याला वेगळे वळण दिले. अशी झाडे मोजतात ती दिवस नव्हे, रात्र. लांब रात्र मधेच थोड्या उजेडाने मोडली, तर फुलणे राहून जाते.

आमचे पॉइन्सेटिया याच जातकुळीतले. आता नकाशा पाहा. टास्को आणि पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. म्हणजे आपल्याकडची रात्र त्याच्या माहेरच्या रात्रीएवढीच लांब. ऑक्टोबर लागला की बंगल्यांच्या आवारातली, दिव्यांपासून दूर असलेली झाडे आपोआप तयारीला लागतात. फ्लॅटमधल्या कुंडीला मात्र ती रात्र मिळतच नाही. सूर्य मावळतो, आपण ट्यूबलाइट लावतो.

मी कुंडी अम्मीच्या खोलीत हलवली. मागच्या बाजूची खोली, रस्त्याचा दिवा नाही. अम्मी संध्याकाळी हॉलमध्ये बसते, लवकर झोपते. तरीही पाने हिरवीच. मग लक्षात आले, की अम्मी रात्री तीनच्या सुमारास तहज्जुदच्या नमाजसाठी उठते आणि ट्यूब लावते. मी तिला हे सांगितले, तर म्हणाली, "मग मी अंधारात पढेन. किबला कुठे आहे ते मला दिव्याशिवायही ठाऊक आहे, बेटा."

ऐंशी ओलांडलेल्या बाईला अंधारात कसे चालू द्यायचे? मी पुठ्ठ्याचा मोठा खोका आणला आणि त्याच्या फटी काळ्या कागदाने बुजवल्या. एक ऑक्टोबरपासून मगरिबची अजान झाली, की कुंडीवर खोका घालायचा आणि सकाळी आठला काढून कुंडी खिडकीच्या उजेडात ठेवायची. रोज जवळपास चौदा तास अंधार, आठ ते दहा आठवडे. हे काम अम्मीने मागून घेतले. वेळेच्या बाबतीत तिचा हात कोण धरणार? आमच्या हिशेबात तर नवा दिवस मगरिबलाच सुरू होतो, आधी रात्र, मग उजेड. एकही दिवस तिने चुकवला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शेंड्याच्या पानांच्या देठांकडून लाली चढू लागली. अम्मीने खोका उचलून मला हाक मारली. बराच वेळ ती पानाकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "बघ, याला काही कमी नव्हते. आपणच झोपू देत नव्हतो."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)