शिष्यवृत्ती आणि बिऱ्हाड

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे सरकारी नोकराच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो बिऱ्हाडाचा. गाव कसे असेल, मुलांना शाळा कोठे मिळेल, घरमालक कोणत्या अटी घालील, ह्या विवंचना महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या परिचयाच्या आहेत. तरी पण बहुधा कोणी ओळखीचा निघतो, चार दिवस त्याच्याकडे पथारी पसरता येते, आणि पंधरवड्याच्या आत संसार मांडला जातो. कायद्याच्या शिक्षणासाठी ज्यांनी शिष्यवृत्तीचा आधार शोधला, अशा काही माणसांची चरित्रे वाचताना हाच बिऱ्हाडाचा प्रश्न अगदी अनपेक्षितपणे समोर येतो. शिष्यवृत्तीचा हिशेब आपण एरवी रुपयांत करतो. रक्कम मंजूर झाली की काम संपले असे समजतो. परंतु ज्यांच्यासाठी न्यायालयाचे दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होते, त्यांच्या बाबतीत पैशाने किती साधले आणि किती साधायचे राहिले, हे पाहण्यासारखे आहे.

कायद्याचे शिक्षण हे इतर शिक्षणाहून थोडे निराळे. इंग्रजी अमदानीत वकिली हा केवळ चरितार्थाचा मार्ग नव्हता. नगरपालिका, कायदेमंडळे, सार्वजनिक सभा, सर्वत्र वकिलांचाच भरणा असे. दुसऱ्याच्या वतीने न्यायासनापुढे उभे राहण्याचा अधिकार ज्या समाजातील एकाही माणसाजवळ नसतो, त्या समाजाची गाऱ्हाणी परक्याच्या तोंडून आणि परक्याच्या सोयीने मांडली जातात. म्हणून कायद्याच्या वर्गात कोण बसतो, हा प्रश्न शिक्षणखात्यापुरता राहत नाही. तो न्यायाचाच प्रश्न होतो.

पहिली कथा नाकारलेल्या शिष्यवृत्तीची. कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक, आई पुण्यात शाळा चालविणाऱ्या. डेक्कन कॉलेजात शिकून त्यांनी पदवी परीक्षेत पहिला वर्ग मिळविला. ह्या यशाच्या बळावर इंग्लंडात शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याकडे चालत यावयास हवी होती. परंतु उमेदवार स्त्री आहे, एवढ्याच कारणास्तव ती नाकारण्यात आली. पुढे मेरी हॉबहाउस व ॲडलेड मॅनिंग ह्या इंग्रज स्त्रियांनी पुढाकार घेऊन वर्गणी जमविली. तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल व सर विल्यम वेडरबर्न ह्यांचाही हातभार होता. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या, आणि १८९२ मध्ये विद्यापीठाची खास परवानगी मिळवून त्यांनी कायद्याची बी. सी. एल. ही परीक्षा दिली. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

पैशाची अडचण अशा रीतीने दूर झाली. पण परीक्षा झाली तरी पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० साली प्रारंभ केला, आणि कॉर्नेलियाबाईंना त्यांची पदवी १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी, हाती पडली. मधल्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्‌एल. बी. व अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली. पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींची गुंतागुंत सोडविण्यात त्यांनी आयुष्याची उमेद घातली. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्या नोकरीसही होत्या. परंतु सनद घेऊन न्यायालयात उभे राहण्याचा स्त्रियांचा हक्क संबंध देशात मान्य झाला तो १९२३ च्या कायद्याने. तोवर त्यांच्या वयाला छप्पन्न वर्षे उलटून गेली होती. हितचिंतकांच्या वर्गणीने त्यांना वर्गापर्यंत नेले. वर्गापासून न्यायालयापर्यंतचे काही पावलांचे अंतर चालण्यास मात्र तीन दशके लागली.

दुसरी कथा मंजूर झालेल्या शिष्यवृत्तीची. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांच्या पुढील शिक्षणाची ओढाताण पाहून कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. बी. ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण वडिलांच्या अखेरच्या आजारामुळे त्यांना लवकरच मुंबईस परतावे लागले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांची अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी निवड केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. जून महिन्यात करारनाम्यावर सही झाली. ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करावयाचा, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, ह्या त्यातील प्रमुख अटी. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्यांना असा करार वाचताना काही वावगे वाटणार नाही. सार्वजनिक पैशाचा मोबदला मागणे हे रीतीला धरूनच होते.

ह्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. विषय अर्थशास्त्र आणि समाजशास्त्रे. १९१६ साली ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन येथेही त्यांनी नाव नोंदविले. परंतु वाढवून मिळालेली मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. कराराला जागून ते सप्टेंबरात बडोद्यास नोकरीवर हजर झाले.

येथे आपला बिऱ्हाडाचा प्रश्न येतो. महाराजांनी परदेशी शिकविलेला हा अधिकारी बडोद्यात उतरला, तेव्हा गावात त्याला राहावयास जागा मिळेना. हिंदू खाणावळीत थारा नव्हता. अखेर पारशी नाव धारण करून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचे त्यांना बजावण्यात आले. दोघा मित्रांकडे त्यांनी शब्द टाकून पाहिला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरच्यांची अडचण पुढे केली. मग कमाठीबागेत काही तास बसून काढल्यावर रात्रीच्या गाडीने ते मुंबईस निघून गेले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. बागेतील त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. संस्थानच्या तिजोरीतून वर्षानुवर्षे शिष्यवृत्ती मिळाली, दहा वर्षांच्या नोकरीचा करार झाला. पण त्या नोकरीसाठी रात्री पाठ टेकावयास चार भिंती कोण देणार, ह्याचे कलम करारात कोणी घातले नव्हते. राजाची उदारता खरी होती. ती राजवाड्यातून निघून शहराच्या गल्लीपर्यंत पोहोचली नाही, एवढेच.

बॅरिस्टरीचा अभ्यास पुढे पुरा झाला, पण तो बडोद्याच्या पैशावर नव्हे. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठविली. नवल भथेना ह्या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही साहाय्य केले. ज्या समाजातील माणसांनी त्यांना धर्मशाळेतून बाहेर काढले, त्याच समाजातील मित्राने हा हात पुढे केला, हेही विसरता कामा नये. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२२ साली बॅरिस्टर झाले, आणि १९२३ मध्ये मुंबईत वकिली करू लागले.

शाहू महाराजांचा उल्लेख केवळ मदतीपुरता करून भागणार नाही. गरीब विद्यार्थ्याचा खरा अडसर फीपेक्षाही राहण्याजेवण्याचा असतो, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते. १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे निघाली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. पुढे आपल्या संस्थानात अस्पृश्य समाजातील काही तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदाही दिल्या. वसतिगृह, शिक्षण आणि सनद अशी ही साखळी होती. तीत कोठेही कडी तुटू नये, ही दृष्टी त्या काळी विरळाच.

आंबेडकर ज्या देशात शिकून आले, त्याच अमेरिकेतील तिसरी कथा ह्याहून चमत्कारिक आहे. तेथे शिष्यवृत्ती देऊ केली गेली ती दार बंद राहावे म्हणून. मिसूरी राज्यातील लॉइड गेन्स ह्या कृष्णवर्णीय पदवीधराने राज्याच्या विद्यापीठातील कायदाशाळेत प्रवेश मागितला. १९३६ साली वर्णाच्या कारणावरून तो नाकारण्यात आला. नकाराबरोबर एक सौजन्यही होते: शेजारच्या कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा किंवा इलिनॉय राज्यात जाऊन शिका, तेथील फी आम्ही भरू. रकमेच्या दृष्टीने पाहिले तर तक्रारीस जागा नव्हती. पण गेन्स ह्यांनी ते धन घेण्याचे नाकारले आणि दाद मागितली. चार्ल्स ह्यूस्टन ह्यांनी त्यांची बाजू मांडली. डिसेंबर १९३८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, राज्य आपल्या गोऱ्या रहिवाशांना जे शिक्षण आपल्या सीमेत देते, ते कृष्णवर्णीयांनाही त्याच सीमेत दिले पाहिजे. परराज्यातील फी भरून ही जबाबदारी टळत नाही.

निकाल लागला, पण गेन्स ह्यांना वर्गात बसावयास मिळाले नाही. राज्याने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी वेगळी कायदाशाळा काढण्याचे ठरविले. मार्च १९३९ मध्ये गेन्स शिकागो येथील आपल्या मुक्कामावरून बाहेर पडले, ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. त्यांचे काय झाले ह्याचा उलगडा आजवर झालेला नाही. २००६ साली त्याच विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर सन्मानाची कायद्याची पदवी दिली. त्या समारंभाच्या वेळी आपल्या कॉर्नेलियाबाईंची तीस वर्षे उशिरा आलेली पदवी कोणाला आठवली असेल असे नाही. पण इतिहासाच्या वहीत ही दोन्ही नावे एकाच पानावर लिहिण्यासारखी आहेत.

ह्या अनुभवांतून पुढची पिढी काही शिकली. अमेरिकेत १९६८ साली वकीलसंघ व कायदाशाळा ह्यांनी मिळून एक परिषद स्थापन केली. वंचित समाजांतील विद्यार्थ्यांना पैशाची मदत तर द्यावयाचीच, पण कायदाशाळा सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांचे खास वर्गही घ्यावयाचे, अशी तिची योजना होती. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारकडे तीन लाख रुपयांची मागणी केली. ती विशेषेकरून विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी होती. स्वतः बॅरिस्टर, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे १९३५ ते १९३८ पर्यंतचे प्राचार्य. पण वकील झालेला एक माणूस समाजाचे किती कल्याण करील ह्याचा भाबडा हिशेब त्यांनी मांडला नाही. १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर तिचा विस्तार होत गेला, आणि कायद्याचे शिक्षण घेणारे असंख्य विद्यार्थी तिच्यावर शिकले.

आजचे दार निराळ्या जागी आहे. १९८७ साली बंगलोर येथे पहिले राष्ट्रीय विधी विद्यालय स्थापन झाले; त्याच धर्तीवर पुढे राज्याराज्यांत विद्यापीठे निघाली. २००८ पासून त्यांच्या प्रवेशासाठी सामाईक परीक्षा होते. ती इंग्रजीतून असते, तिच्या शिकवणीचा खर्च मोठा, आणि विद्यापीठाची फी त्याहून मोठी. खेड्यातील मराठी शाळेत शिकलेल्या हुशार मुलीला अशी परीक्षा असते हेच पुष्कळदा ठाऊक नसते. हे ध्यानी घेऊन प्रा. शमनाद बशीर ह्यांनी २०१० साली ‘इडिया’ ही संस्था सुरू केली. मुलांना त्यांच्या गावी जाऊन शोधावयाचे, परीक्षेची तयारी करवून घ्यावयाची, फीची सोय लावावयाची, आणि प्रवेशानंतरही त्यांना एकटे सोडावयाचे नाही, असे तिच्या कार्याचे स्वरूप आहे. बशीर २०१९ साली निवर्तले. त्यांनी दाखविलेली दिशा योग्य होती, ह्याविषयी दुमत होऊ नये.

ह्या अंकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या टेबलावर शिष्यवृत्तीची प्रकरणे येऊन गेली असतील. काहींच्या येतही असतील. उत्पन्नाचा दाखला जोडला आहे की नाही, जातीचे प्रमाणपत्र वैध आहे की नाही, हे पाहून सही करणे हे कर्तव्यच होय. पण सही करताना एक प्रश्न मनात यावयास हरकत नाही: हा मुलगा कोणत्या गावाहून कोणत्या गावी जाणार, आणि तेथे पहिल्या रात्री तो कोठे उतरणार? नियमपुस्तिकेत ह्या प्रश्नाला रकाना नसेल. बडोद्याच्या करारनाम्यातही तो नव्हता. आणि म्हणूनच परदेशी शिकून आलेला एक विद्वान अधिकारी त्या संध्याकाळी बागेत एकटा बसून राहिला होता.