वसईच्या घंटांचे सासर

वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आजही उभा आहे. त्याच्या माथ्यावरील कमानींतून आकाश दिसते; घंटा मात्र दिसत नाही. लहानपणी आजोबांना याविषयी विचारले, तेव्हा ते इतकेच म्हणाले होते, ‘‘पोरा, त्या घाटावर गेल्या.’’ आमच्या विवाहाला तीस वर्षे झाली, तेव्हा एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी त्या घंटाच पाहून याव्यात, ही सूचना पत्नीची. डिसेंबरातील एका पहाटे मिस्सा ऐकून आम्ही गाडी नाशिकच्या रस्त्याला लावली.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढील दोन शतकांत येथे अनेक चर्चेस उभी राहिली. चर्चची घंटा ही केवळ वस्तू नव्हे. तिला विधिपूर्वक आशीर्वाद दिला जाई, पुष्कळदा एखाद्या संताचे नावही दिले जाई. जन्म, विवाह, मरण, सकाळ-दुपार-संध्याकाळची देवदूताची प्रार्थना, सारे तिच्या नादावर चाले. चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे १६ मे १७३९ रोजी किल्ल्याने शरणागती पत्करली. पोर्तुगीज सन्मानाने निघून गेले. मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्तीजनांना तहाने धर्मस्वातंत्र्य मिळाले. ते मागे राहिलेले लोक म्हणजे आपले पूर्वज. घंटा मात्र विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या.

नाशिकला पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचे देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी ते १७४७ साली बांधले. प्रवेशद्वारावर उंच टांगलेल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. नाशिककरांच्या बोलण्यात ही घंटा महापुराचे माप आहे. घंटेला पाणी लागले म्हणजे पूर मोठा. परमुलखातून आलेली वस्तू गावाच्या सुखदुःखाचे माप व्हावी, याचे मला नवल वाटले. पत्नी शांतपणे म्हणाली, ‘‘अहो, त्यात नवल कसले? सून घरात रुळली की घराचे सगळे तिलाच ठाऊक असते!’’

दुसऱ्या दिवशी मंचरमार्गे घाट चढून भीमाशंकर गाठले. ज्योतिर्लिंगाच्या आवारात शनिमंदिरासमोर वसईची घंटा टांगलेली आहे. दर्शनाच्या रांगेतील माणसे तिच्याकडे पाहून पुढे सरकत होती. खरे सांगायचे तर तेथे माझे मन कडवट झाले. ज्या नादावर आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी गुडघे टेकले, तो नाद लुटीचा ऐवज व्हावा? पण इतिहास एकाच पानावर वाचता येत नाही. पोर्तुगीज अमलात या किनाऱ्यावर देवळे पाडली गेली, हेही तितकेच खरे. आपली जखम मोजताना दुसऱ्याची जखम झाकून ठेवणे, हे सुवार्तेला धरून नाही.

तिसऱ्या दिवशी वाईजवळच्या मेणवलीला पोहोचलो. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तेथील मेणेश्वराच्या देवळाजवळ, एका छोट्या दगडी मंडपात, १७०७ सालची घंटा आहे. तिच्या अंगावर बाळ येशूसह पवित्र मरियेची आकृती आहे. ही घंटा चिमाजी आप्पांनी येथे वाहिली, असे सर्रास सांगितले जाते. पण आप्पा डिसेंबर १७४० मध्येच निवर्तले आणि मेणवली गाव नानांना मिळाले १७६८ साली. अर्थात वसई सोडल्यावर निदान अठ्ठावीस वर्षे ही घंटा अन्यत्र कोठेतरी असली पाहिजे. नारोशंकराचे देऊळदेखील आप्पांच्या निधनानंतरचे आहे. या घंटांचा प्रवास लोककथेत दिसतो तितका सरळ नव्हता.

घाटावर धुणे धूत असलेल्या एका आजींनी विचारले, ‘‘कुठून आलात?’’

‘‘वसईहून.’’

‘‘अगं बाई! म्हणजे घंटेच्या माहेरची माणसं की तुम्ही!’’

पत्नीचे डोळे भरून आले. तिने मरियेच्या आकृतीवर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी हळू आवाजात ‘नमो मरिया’ म्हटले. आजी धुणे थांबवून उभ्या राहिल्या. प्रार्थना संपल्यावर त्यांनीही त्या आकृतीला हात जोडले.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे बोललो नाही. माझ्या मनात एकच विचार घोळत होता. विजेत्याच्या हाती पडलेले काशाचे नशीब बहुधा भट्टीत ठरते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत खुद्द ख्रिस्ती देशातील असंख्य घंटा वितळवून नाणी आणि तोफा केल्या गेल्या. वसईच्या या घंटा मात्र वितळल्या नाहीत. जेथे गेल्या, तेथे देवाच्या दारीच राहिल्या. म्हणून पराभवाचे दुःख नाहीसे होत नाही. पण त्या दुःखाचे वैर करण्याचेही कारण उरत नाही.

आणि घंटा गेल्यावर वसईत काय उरले? परदेशी मिशनरी गेले, वैभव गेले. गोव्याहून आलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंनी आणि घराघरातील आयाबायांनी श्रद्धा सांभाळली. घंटा नसतानाही घरोघरी प्रार्थना चालू राहिली, म्हणून तर आज आपण आहोत. आज आपल्या धर्मग्रामात घंटा आहे, तिचा नाद दूरवर जातो. तो ऐकून टीव्ही बंद करणारी घरे किती, हा प्रश्न मेणवलीच्या त्या आजींपेक्षा आपणास अधिक लागू आहे.

आम्ही वसईत शिरलो तेव्हा सायंकाळची घंटा होत होती. मी गाडी कडेला थांबवली.